नाव राखले, थंडी कोण राखणार?

फळे घालून, ठरावीक ऋतूतच केलेली बिअर हा विषय वृत्तपत्राच्या या पानावर यावा, याचे काही वाचकांना आश्चर्य वाटेल. मद्यपानाची भलामण करण्याचा येथे हेतू नाही. परंतु ज्या वस्तूचा स्वाद हवामानावर, भूमीवर आणि करणाऱ्याच्या धीरावर अवलंबून असतो, ती आजच्या बाजारात कशी टिकते, हा अर्थशास्त्राचा जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. पुण्या-मुंबईच्या छोट्या मद्यशाळांतून उन्हाळ्यात आंब्याची बिअर मिळू लागल्यापासून तर तो आपल्याही दाराशी आला आहे. या प्रश्नाचा सर्वांत बोलका दाखला मात्र बेल्जियममध्ये सापडतो.

ब्रुसेल्स शहर आणि त्याच्या पश्चिमेकडचा पाजोटनलँडचा प्रदेश येथे ‘लांबिक’ नावाची बिअर होते. बार्लीचे माल्ट आणि मोड न आणलेला गहू यांचा अर्क हॉपच्या जुन्या, वाळलेल्या फुलांबरोबर उकळून एका रुंद, उथळ भांड्यात रात्रभर उघडा ठेवतात. आपण दुधाला विरजण लावतो तसे येथे कोणी काही लावीत नाही. हवेतील आणि वास्तूतील सूक्ष्मजीवच ते काम करतात. सकाळी तो अर्क ओकच्या पिंपांत जातो. रात्र उबदार असली, तर नको ते जंतू माजतात. म्हणून हे काम साधारणतः ऑक्टोबर ते एप्रिल या थंड महिन्यांतच चालते. पुढे उन्हाळ्यात आंबट चेरीचा हंगाम आला, की मुरलेल्या लांबिकमध्ये ती फळे बियांसकट घालून काही महिने ठेवतात. हीच ‘क्रीक’ होय.

या पेयाचा पहिला घोट बहुतेकांना चकित करतो. फळाचे नाव ऐकून जिभेने गोडीची तयारी केलेली असते आणि प्रत्यक्षात दात आंबावेत असा आंबटपणा वाट्याला येतो. कारण साधे आहे. फळातील साखर सूक्ष्मजीवांनी केव्हाच खाऊन टाकलेली असते. मागे उरतात तो गडद लाल रंग, चेरीचा गंध, ओकचा तुरटपणा आणि बियांमुळे आलेली बदामाची पुसट चव. ही चव पहिल्या भेटीत आपली होत नाही. ती हळूहळू अंगवळणी पडते.

बाजाराची अडचण नेमकी येथे सुरू होते. लांबिक दीड-दोन वर्षे पिंपात पडून राहते. दरसाल दर शेकडा १० प्रमाणे व्याज धरले, तरी आज गुंतवलेले १०० रुपये दोन वर्षांनी १२१ होतात, आणि त्या काळात पिंपातून काही माल उडूनही जातो. त्यावर फळांचा खर्च वेगळा. ब्रुसेल्सची काँतियों ही मद्यशाळा लिटरमागे सुमारे २०० ग्रॅम चेरी वापरते. याउलट फळाचा रस व साखर मिसळून आणि पाश्चरीकरणाने सूक्ष्मजीव निकामी करून तयार केलेली गोड क्रीक लवकर होते, स्वस्त पडते आणि पहिल्याच घोटाला आवडते. गोड पेय विकण्यात काहीच गैर नाही. गैर आहे ते एकाच नावाखाली दोन वस्तू विकल्या जाणे. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले, की ग्राहकाला खऱ्या-खोट्याची पारख करता येत नसेल, तर तो चांगल्या मालालाही सरासरीच किंमत देऊ करतो आणि परिणामी चांगला माल आणणाराच बाजारातून उठतो.

यावर बेल्जियमच्या उत्पादकांनी कायद्याचा आधार घेतला. १९९७ साली पारंपरिक लांबिक करणाऱ्यांची ‘होराल’ ही संघटना उभी राहिली. त्याच वर्षी युरोपीय संघाने ‘आउदे क्रीक’, म्हणजे ‘जुनी क्रीक’, या नावाला संरक्षण दिले. ज्या बाटलीवर हे शब्द, तिच्यात निव्वळ निसर्गतः आंबवलेलीच बिअर असली पाहिजे. एका विशेषणाने ग्राहकाचे अज्ञान पुष्कळ दूर केले आणि मोजक्या घराण्यांना तग धरता आला. २०१६ साली युनेस्कोने बेल्जियमच्या बिअर-संस्कृतीला मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिले.

तथापि कायद्याचे हात येथेच थिटे पडतात. ब्रुसेल्समधील स्कारबेक भाग एके काळी चेरीसाठी प्रसिद्ध होता. शहर वाढले आणि बागा गेल्या. आज क्रीकसाठी पोलंडसारख्या देशांतून फळ आणावे लागते, आणि काही उत्पादक जुन्या वाणाची झाडे पुन्हा लावू पाहत आहेत. झाडे लावता तरी येतात, थंडीचे काय? २०१५ सालच्या नोव्हेंबरात रात्री उबदार राहिल्यामुळे, १९०० सालापासून चालत आलेल्या या काँतियोंला काम थांबवावे लागले आणि काही माल टाकून द्यावा लागला. नाव सुरक्षित होते, कृती सुरक्षित होती. रात्र मात्र सुरक्षित नव्हती.

ही गोष्ट कोकणातील बागायतदाराला परकी वाटणार नाही. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. परप्रांतीच्या आंब्याने रत्नागिरी-देवगडचे नाव लावून बाजारात बसू नये, यासाठी ते आवश्यकच होते. परंतु हापूसचा मोहरही थंडीवर अवलंबून असतो. थंडी लांबली, मध्येच उकाडा वाढला किंवा अवकाळी पाऊस आला, तर मोहर आणि फळ दोन्ही हातची जातात. मानांकनात जिल्ह्यांची सीमा नोंदता येते, पौषातील गारवा नोंदता येत नाही.

यास्तव नावाच्या संरक्षणाला अंतिम विजय समजणे धोक्याचे आहे. मानांकनाने मिळणारा वाढीव भाव जर अडत्याच्या पेढीवरच राहिला, तर बिघडत्या हवामानाशी झुंजण्याची ताकद बागायतदाराच्या अंगी येणार नाही. तो भाव बागेपर्यंत पोचला पाहिजे. त्यातून संशोधन, विमा आणि नवी लागवड यांची तरतूद झाली पाहिजे. ग्राहकाचीही यात जबाबदारी आहे. वर्षभर, एकाच चवीची आणि स्वस्त अशी वस्तू मागणारा ग्राहक ऋतूला बाजारातून हद्दपार करीत असतो. एखाद्या वर्षी आंबा उशिरा आला, थोडा आला किंवा महाग पडला, तर ती विक्रेत्याची लबाडी असेल. पण पुष्कळदा ती हवेने पाठवलेली सूचना असते. ती वाचायला आपण जितक्या लवकर शिकू तितके बरे.