गठ्ठा परत आला, प्रश्न परत घेणार नाही

गेल्या अंकाचा गठ्ठा परत आला. पन्नास प्रती. भाईंदर पूर्वेच्या एका विहाराच्या कमिटीने पाठवून दिला. सुतळी परत बांधलेली, वरच्या प्रतीचं एक पान दुमडलेलं. त्या पानावर एका पोरीची कविता आहे. ती विचारते, माझी आजी खंडोबापुढे वाकायची, माझी आई बुद्धापुढे वाकते, मग मूर्ती बदलली की आईची पाठ बदलली?

निरोप आला तो असा : असलं छापायचं असेल तर विहाराच्या पायरीवर अंक ठेवू नका.

कविता मी निवडली. म्हणून उत्तरही मीच देतो. पोरीच्या घरी कुणी जाऊ नये.

मी गोदीत काम करतो. पहाटेची भाईंदर लोकल, अंधेरीला हार्बर, मग डॉकयार्ड रोड. शिक्षण दहावी पास. देवाबद्दलची शंका मला पुस्तकातून लागलेली नाही. पुस्तकं मागाहून आली. शंका लागली ती गोदीत.

तीन वर्षांपूर्वी आमच्या टोळीतला एक गडी लोखंडी कॉइलखाली सापडला. त्या सकाळी क्रेनला हार घातला होता. नारळ फोडला होता. लिंबू-मिरची बांधली होती. तार जुनी होती. तार जुनी आहे हे टोळीतल्या सगळ्यांना माहीत होतं. चार दिवस आम्ही मुकादमाला सांगत होतो. नारळाला पैसे होते, तारेला नव्हते. गडी मेला तेव्हा मुकादम म्हणाला, त्याची वेळ भरली होती. त्याच्या बायकोलाही तेच सांगितलं. ती गप बसली. वेळच भरली म्हटल्यावर भरपाई मागायची कुणाकडे? देवाकडे? ठेकेदाराने त्याच आठवड्यात सत्यनारायण घातला. तार बदलली पंधरा दिवसांनी.

देव कुणाच्या कामाला येतो हे मला त्या दिवशी कळलं. देव होता म्हणून ठेकेदार सुटला.

आणि खरं सांगतो दोस्तांनो, त्या सत्यनारायणाचा प्रसाद मीही खाल्ला. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेला मी. काम जाईल या भीतीने हात पुढे केला. तेव्हा कमिटीच्या लोकांनी मला भ्रष्ट म्हणायचं असेल तर त्यासाठी म्हणावं. कवितेसाठी नाही.

रात्री घरी येऊन आजीला सांगितलं. आजी मंगळवेढ्याकडची. ती एवढंच म्हणाली, "चोख्यावानी झालं रं."

चोखोबाची गोष्ट आपल्याला भक्तीची गोष्ट म्हणून सांगतात. ती मजुराची गोष्ट म्हणून कुणी सांगत नाही. मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चाललेलं. महारांना त्या कामावर धरून नेलेलं. भिंत कोसळली. चोखोबा आणि त्याच्यासोबतचे मजूर खाली गाडले गेले. परंपरा साल सांगते १३३८. नामदेव आले, हाडं शोधली. ज्या हाडांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती चोखोबाची, असं सांगतात. ती पंढरपूरला नेली आणि महाद्वारासमोर, देवळाच्या बाहेर, पुरली. जिवंतपणी आत नाही, मेल्यावरही आत नाही. आमच्यासाठी विठ्ठलाच्या देवळाचं दार उघडायला साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावं लागलं. सहाशे नऊ वर्षं! एवढ्या वर्षांत कुणी विचारलं नाही की त्या ढिगाऱ्यात बाकीच्या मजुरांची हाडं होती, त्यांतून काय आवाज येत होता. आणि ती भिंत कच्ची कुणी ठेवली होती.

बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या मूळाविषयीचं पुस्तक लिहिलं ते नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केलं. चोखोबाला त्यांनी टाकलं नाही. चोखोबाला पायरीवर ठेवणाऱ्या देवाला टाकलं. हा फरक नीट ध्यानात घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

आता बाबासाहेबांच्या शंकेचा हिशेब पाहू. २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. आपल्या लोकांनी मार खाल्ला, पाच वर्षं दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात त्यांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून मरणार नाही. आणि धर्म कधी घेतला? १४ ऑक्टोबर १९५६. मध्ये एकवीस वर्षं! हा माणूस एकवीस वर्षं तपासत होता. त्या वर्षांत निरनिराळ्या धर्मांचे लोक निमंत्रणं घेऊन आले. पाहिजे असतं तर एका रात्रीत कुठलाही शिक्का मारून घेता आला असता. त्यांनी घाई केली नाही.

आणि घेतल्यावरही डोळे मिटले नाहीत. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हे पुस्तक १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर छापून आलं. त्याची प्रस्तावना काढून बघा. पहिल्या पानांतच ते स्वतःच्या नव्या धर्माबद्दल चार प्रश्न टाकतात. सिद्धार्थाने घर का सोडलं, त्याचं परंपरेने दिलेलं कारण त्यांना पटत नाही. चार आर्यसत्यं बुद्धाची मूळची की मागाहून घुसडलेली, हे ते विचारतात. आत्मा नाही म्हणता, मग कर्म आणि पुनर्जन्म कसे, हे विचारतात. चौथा प्रश्न भिक्खूचा. भिक्खू स्वतःपुरता परिपूर्ण व्हायला निघालाय की समाजाची सेवा करायला? नुसता स्वतःपुरता असेल तर धम्माच्या प्रसाराला त्याचा उपयोग नाही, असं ते स्पष्ट बजावतात.

मला सांगा, हे चार प्रश्न नाव न घालता आमच्या अंकात छापले असते, तर कमिटीने गठ्ठा ठेवला असता की परत पाठवला असता?

बुद्धाने केसपुत्त गावच्या कालामांना काय सांगितलं ते विहारात दर वर्षी भाषणात येतं. परंपरा आहे म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, गुरू सांगतो म्हणून मानू नका, तपासा. भाषणात टाळ्या पडतात. कवितेत आलं की गठ्ठा परत.

मी आपल्या घराकडे बघतो तर काय दिसतं? बुद्धाच्या फोटोला अगरबत्ती, त्याच हाताने आरतीसारखं ओवाळणं. वंदना पाठ, अर्थ कुणाला नाही. लग्न बुद्धविधीने आणि तारीख पंचांग बघून. बौद्ध आहोत म्हणायचं आणि पोरगी देताना विचारायचं, तुम्ही कुठल्या पोटजातीतले? कमिटीवर बाई नाही, आणि विहार झाडायला फक्त बायाच. देणगीची पाटी संगमरवरी, देणगीचा हिशेब कुठेच नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात पासष्ट लाखांवर बौद्ध नोंदले गेले. पासष्ट लाख माणसं देवाच्या देवळातून बाहेर पडली ही लहान गोष्ट नाही, जगात अशा गोष्टी फार घडलेल्या नाहीत. पण बाहेर पडून पुन्हा नवी पायरी बांधायची आणि तिच्यावर कुणी काय ठेवायचं याचा हुकूम काढायचा, यासाठी पडलो होतो का?

कमिटीतल्या एका काकांनी मला बाजूला घेऊन समजावलं. माणूस सज्जन आहे. त्यांच्या वडलांनी गाव सोडलं, मार खाल्ला. ते म्हणाले, "बाळा, आपल्यावर चहूबाजूंनी चाल आहे. ही शंकेची वेळ नाही. आपलंच माणूस बोलायला लागलं की त्यांना फावतं."

काकांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. धर्माची किंमत काय पडते ते त्यांनी भोगलंय. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जाती म्हणजे फक्त हिंदू असं ठरलं. शिखांना १९५६ मध्ये आत घेतलं, बौद्धांना थेट १९९० मध्ये. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान अजून बाहेर. तोवर केंद्राच्या सवलतीसाठी कागदावर हिंदू महार आणि घरात बौद्ध असं दुहेरी जगणं एका पिढीने काढलं. त्या पिढीला धर्म ही चैन वाटत नाही. तिला तो छत वाटतो. छताला भोकं पाडू नका म्हणतात, ते मला कळतं.

पण काका, याच गावात आपण काय पाहिलं? २०१५ साली पर्युषणात इथल्या महापालिकेने आठ दिवस मांसविक्री बंद ठेवायचं ठरवलं. एकाच्या धर्माने दुसऱ्याचं ताट तपासायचं. २१ जानेवारी २०२४ ला, अयोध्येच्या प्राणप्रतिष्ठेच्या आदल्या रात्री, मीरा रोडच्या नया नगरात झेंडे लावलेल्या गाड्या, घोषणा, मग मारामारी. दोन दिवसांनी तिथेच बुलडोझर. त्या रात्री मी शेवटच्या गाडीने आलो. स्टेशनवर आईचा फोन आला, "कुनी नाव इचारलं तर काय सांगशील?" मी विचार करत राहिलो. देवाच्या नावाने माणसाचं नाव विचारणारा जमाव प्रश्न न विचारणाऱ्या माणसांचाच बनतो. तिथे कुणी एकाने जरी विचारलं असतं, की आपण हे का करतोय? म्हणून मला वाटतं, शंकेची वेळ हीच आहे. आपल्या पोरांना शंका घेऊ नका असं शिकवलं तर उद्या त्यांना कुणीही झेंडा देईल आणि गाडीत बसवेल.

आता आईचं. आईने ती कविता माझ्याकडून वाचून घेतली. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "देव नाय म्हन्तोस. बरं, नाय. बुद्धाला देव करू नको म्हन्तोस. बरं. मंग रातच्याला तू गोदीतनं येईस्तोवर मी दिवा कुनाम्होरं लावू?"

याचं उत्तर मला आलं नाही. खोटं कशाला बोलू? आपण तरुण पोरं सभेत देवाला शिव्या घालतो, टाळ्या घेतो, आणि घरी आईच्या दिव्यावर चालतो. तिची भीती खरी आहे. तार जुनी आहे तोवर ती दिवा लावणार. तार बदलायला लावणं हे आपलं काम. तिचा दिवा विझवणं हे आपलं काम नाही.

आजी गेल्या वर्षी गेली. तिच्या ट्रंकेत लुगड्याच्या घडीत खंडोबाचा एक टाक निघाला. छप्पनच्या धर्मांतरानंतर तिच्या बापाने घरातले सगळे देव फडक्यात बांधून भीमेच्या पाण्यात सोडले, ही गोष्ट ती आम्हाला अभिमानाने सांगायची. एक टाक तिने तेव्हाच लपवला होता, हे कधी सांगितलं नाही. आयुष्यभर जयभीम म्हणाली, निळं निशाण धरलं, मोर्चाला गेली. आणि टाक ट्रंकेत. मला आधी राग आला. मग वाटलं, लहान पोरगी होती, घाबरली असेल. आणि साठ-पासष्ट वर्षांत तिला आमच्यापैकी कुणाला सांगावंसं वाटलं नाही. का? कारण आमच्यात शंका सांगायची सोय नव्हती. तिने तिचा देव लपवला, आज मी माझी शंका लपवायची?

तेव्हा कमिटीला आमचं सांगणं असं. कविता मागे घेणार नाही. तुमचं उत्तर लिहून द्या, पुढच्या अंकात काटछाट न करता छापू, आमच्या संपादकीयाच्या आधी छापू. विहाराचा हिशेब फळ्यावर लावा. कमिटीवर बाया घ्या. आणि येत्या रविवारी संध्याकाळी विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'ची प्रस्तावना मोठ्याने वाचू. आधी ते चार प्रश्न, मग त्या पोरीचा पाचवा. आई येणार आहे. तिचाही एक आहे.

पन्नास प्रती सोबत आणतो. पायरीवर ठेवणार नाही. हातात देईन.

जय भीम!