जंतूची मिठी

आमच्या शेजारच्या खोलीतील दहा वर्षांचा मुलगा गेल्या पावसाळ्यात खेळताना पडला. नडगीला मुका मार बसला, कातडी कुठे फाटली नव्हती. तिसऱ्या दिवशी सणसणून ताप भरला, पाय जमिनीला टेकेना. आजीने तुरटी-हळदीचा लेप लावला. कुणी नजर काढायला सांगितले. 'मुका मारच तो, उतरेल' असे आम्हीही म्हणालो, हे कबूल केले पाहिजे. आठवड्याने सरकारी इस्पितळात नेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, हाडात पू झाला आहे.

त्याची आई चार घरची धुणीभांडी करते. तिचा प्रश्न सरळ होता: "जखमच नव्हती, मग जंतू हाडात शिरला कुठून?" आम्ही वाणिज्य शाखेचे, जमाखर्चापलीकडे आम्हाला काय कळणार! पण प्रश्न डोक्यातून जाईना. विचारून, वाचून जे समजले ते मांडतो.

जंतूचे नाव स्टॅफिलोकोकस ऑरियस. दुर्बिणीखाली तो द्राक्षांच्या घडासारखा दिसतो, म्हणून स्कॉटलंडचे शल्यविशारद अलेक्झांडर ऑगस्टन यांनी १८८२ साली 'स्टॅफिलोकोकस' हे नाव दिले. साधारण तिघांपैकी एकाच्या नाकात तो निमूटपणे राहतो. डॉक्टरांनी आईला विचारले, मध्यंतरी गळू झाले होते का? झाले होते, मांडीवर. घरीच पिळले होते. बहुधा तिथूनच जंतू रक्तात उतरला.

पण रक्त तर वाहते आहे. धरायला काही मिळाले नाही तर जंतू वाहून जाणार, पांढऱ्या पेशी त्याला गिळणार. म्हणून तो आधार शोधतो, आणि आधार आपल्याच शरीरात असतो. हाड, कातडी, कूर्चा यांना बांधून ठेवणारे कोलॅजन नावाचे प्रथिन आहे. त्याची रचना वेणीसारखी, तीन पेडांची. ती प्रथम मांडली ती मद्रासच्या जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ करथा यांनी, १९५४-५५ च्या सुमारास.

या जंतूच्या काही जातींच्या अंगावर कोलॅजन धरणारे एक प्रथिन असते. त्याची पकड कशी चालते ते २००५ साली अमेरिकेतील संशोधकांनी उलगडले. लोकलच्या गर्दीत आपण दांड्याभोवती हात गुंडाळतो आणि दुसऱ्या हाताने आपलेच मनगट धरतो ना, तसेच. प्रथिनाचे दोन भाग वेणीभोवती मिटतात आणि एकाचे शेपूट दुसऱ्यात अडकते. शास्त्रज्ञांनीही त्याला 'मिठी' म्हटले आहे. १९९४ साली उंदरांवर प्रयोग झाला होता. ही पकड असलेले जंतू टोचले तेव्हा ७० टक्क्यांहून अधिक उंदरांचे सांधे सुजले. पकड काढून टाकलेल्या जंतूंनी २७ टक्क्यांहून कमी उंदरांचे.

दुसरी पकड याहून लबाड. फायब्रोनेक्टिन हे प्रथिन जखम भरून आणायच्या कामाचे. ते रक्तातही असते, पेशींभोवतीही. जंतू त्याला चिकटतो हे १९७८ साली फिनलंडच्या कुसेला यांनी दाखवले. फायब्रोनेक्टिनला एका बाजूने जंतू धरतो, दुसऱ्या बाजूने आपली पेशी. मग पेशी आपलेच माणूस समजून त्याला आत ओढून घेते! आत लपलेल्या जंतूपर्यंत औषध नीट पोचत नाही. हाडाचे औषध आठवडेच्या आठवडे चालते, त्यामागचे हे एक कारण.

शस्त्रक्रिया करून पू काढला, पाचव्या दिवशी ताप गेला. तेव्हा बाप म्हणाला, आता कशाला गोळ्या, पोर बरे झाले. रोजंदारी बुडवून दर आठवड्याला रांगेत उभे राहणे सोपे नाही. आम्ही त्याला दोष देत नाही. पण ही पेशीची गोष्ट आम्ही त्याच्याजवळ बसून सांगितली. सहा आठवडे पुरे झाले.

या पकडीविरुद्ध लस काढायचाही प्रयत्न झाला. जंतूची अशीच एक पकड, रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाला धरणारी, त्या लसीत घेतली होती. मणक्याच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांवर चाचणी चालू होती. उपयोग होत नाही असे दिसल्यावर २०१८ साली ती थांबवली. एक हात सोडवला तर जंतूकडे आणखी हात आहेत, असे आम्हाला वाटते.

मुलगा आता शाळेत चालत जातो, किंचित लंगडतो. गेल्या आठवड्यात त्याच्या धाकट्या बहिणीच्या मानेवर गळू आले. आजी पिळायला बसली होती. आईने तिचा हात धरला आणि त्याच सकाळी पोरीला नेऊन केसपेपर काढला.