दातांची तार आणि लग्नाची तारीख

आमच्या मालवणात मुलीच्या दातांना तार बसली की लोक तारीख विचारतात. तार काढायची नव्हे, लग्नाची!

माझी मुलगी पंधराव्या वर्षी तार बसवून ओठ मिटून घरी आली, तेव्हा शेजारच्या काकी म्हणाल्या, "बरा केलंस. चेडवाचे दात सारके व्हयेच." धाकटे चिरंजीव शेजारीच उभे होते. त्यांचे वरचे दात बहिणीपेक्षाही पुढे. काकींनी त्यांच्याकडे पाहून निकाल दिला, "ह्येका कित्याक? झिलाचे दात कोण बघता?"

मी मान डोलावली. हा लेख त्या मान डोलावण्याविरुद्ध आहे.

वास्तविक दात हे बघण्यासाठी नसून चावण्यासाठी असतात. 1899 साली एडवर्ड अँगल या अमेरिकन दंतवैद्यानं वाकड्या दातांची वर्गवारी केली, ती वरची दाढ खालच्या दाढेवर कशी बसते यावरून. मुलगी बघायला आलेल्या मंडळींच्या चेहऱ्यावरून नव्हे. एकमेकांवर चढलेले दात नीट घासता येत नाहीत, आणि पुढे आलेले दात पडल्यावर आधी आपटतात. दगडाला काही मुलगा-मुलगी कळत नाही.

ते आम्हांला वर्षभरात कळलं. चिरंजीव धक्क्यावर शेवाळावरून घसरले, आणि वरचा अर्धा दात तिथंच ठेवून घरी आले. त्या दिवसापासून पोरगा तोंडावर हात धरून हसायचा. झिलाचे दात कोण बघतं? झील बघतो!

इकडे मुलीचं तप चालू होतं. पहिली गदा आली ती खाज्यावर. आमचं मालवणी खाजं कडकही आणि गुळामुळं चिकटही, म्हणजे तारेचे दोन्ही शत्रू एका पुडीत. आंगणेवाडीच्या जत्रेत ती नुसता वास घेऊन परतली. कुर्लीचा डेंगा दातांनी फोडायची बंदी. जेवताना छोटी रबरं काढायची, जेवल्यावर पुन्हा अडकवायची. पावणेदोन वर्षं तिनं हे निमूट केलं. तार उतरली, दात ओळीत आले आणि हातात एक प्लेट मिळाली. आधी दिवसरात्र, मग रोज रात्री घालायची.

आमच्या लोकांची खरी गंमत या प्लेटीपाशी सुरू होते. कुणी ती पंगतीत कागदात गुंडाळून ठेवतो आणि ती पत्रावळीबरोबर उकिरड्यावर जाते. कुणाची आजी ती निर्मळ व्हावी म्हणून उकळत्या पाण्यात टाकते. प्लेट निर्मळ होते, पण वाकडी. आमच्याकडे यांपैकी काहीच झालं नाही. लग्न ठरलं, फोटो निघाले आणि प्लेट डबीत, डबी कपाटात गेली. मीही विचारलं नाही. काम झालं होतं ना!

दात म्हणजे भिंतीत ठोकलेला खिळा नव्हे. तार हळूहळू रेटते, तेव्हा पुढचं हाड विरघळतं आणि मागं नवं भरतं; म्हणून तर एवढा काळ लागतो. तार काढली तरी हिरडीतले ताणलेले धागे दाताला जुन्या जागी ओढत राहतात. दांडीच्या किनाऱ्यावर होडी लागली म्हणून कुणी दोर सोडून घरी जातं का? प्लेट हा तो दोर. आम्ही तो लग्नमांडवातच सोडला. तीन वर्षांत मुलीचे खालचे दोन दात पुन्हा एकमेकांच्या खांद्यावर चढले. आता दोष कुणाचा? तारेचा म्हणे!

तार बिचारी तिचं काम करते. आपण ती दाखवण्यासाठी लावतो, म्हणून दाखवणं संपलं की निगा संपते. आणि ज्याला दाखवायचं नाही, त्याला ती लावतच नाही.

गेल्या महिन्यात चिरंजीवांना तार लावली. वय वर्षं बावीस. हिरड्या आणि हाड धड असलं की या वयातही दात हलतात. काकी आल्या, निरखून पाहिलं आणि हळूच विचारलं, "झिलाचा लगीन ठरला काय रे?"

म्हटलं, "नाय गे काकी. तेका चावन जेवचा आसा."