पतअहवालातील चुकांच्या तक्रारी मुदतीत निकाली काढण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा सल्लागार समिती

विषय : पतअहवालातील चुकीच्या नोंदींवरील तक्रारींची ठरलेली मुदत बँक शाखांना पाळायला लावण्याबाबत.

संदर्भ : आमची यापूर्वीची निवेदने व त्यांवर मिळालेली तोंडी आश्वासने.

महोदय,

खाली सह्या करणारे आम्ही तालुक्यातील शेतकरी, बचत गटांच्या सदस्या आणि छोटे दुकानदार. याच विषयावर पुन्हा आलो आहोत, कारण मागच्या निवेदनांचे पुढे काय झाले ते आम्हाला अजून कळवलेले नाही.

तक्रार निकाली काढायला तीस दिवस, त्यातले बँकेचे एकवीस, आणि उशीर झाला तर पुढे रोजचे शंभर रुपये भरपाई, हा नियम आम्ही आपल्याला समजावून सांगावा असे नाही. 26 एप्रिल 2024 पासून तो लागू आहे. प्रश्न एवढाच आहे की हे तीस दिवस मोजायचे कोणत्या तारखेपासून?

शाखेत अर्ज दिला तर पोच मिळत नाही. ‘वर मेल टाकतो’ असे सांगतात. आग्रह धरला तर ‘साहेब येऊ द्या’. ऑनलाइन तक्रार केली तर पतमाहिती कंपनी ती बँकेकडे पाठवते, बँक कागद न पाहता ‘नोंद बरोबर आहे’ असे कळवते आणि तक्रार बंद होते, तीही मुदतीच्या आत. कागदोपत्री निपटारा झाला, चूक जागच्या जागी. पुन्हा तक्रार केली की नवा क्रमांक आणि नवे तीस दिवस. त्यामुळे एकतिसावा दिवस कधी उजाडतच नाही. सह्या करणाऱ्यांपैकी एकाच्याही खात्यात भरपाईचा रुपया आलेला नाही.

आमच्यातील एकाचे ट्रॅक्टरचे कर्ज पूर्ण फिटले आहे. बेबाकी दाखला हातात आहे, आरसी बुकावरचा बोजा उतरला आहे, तरी अहवालात ते थकीत. ज्या शाखेने दाखला दिला त्याच शाखेने ‘नोंद बरोबर’ असेही कळवले. दोन्हींतले खरे कोणते, हे निदान त्या शाखेने तरी ठरवावे. दुसऱ्या एकाच्या अहवालात त्याच्याच नावाच्या चुलतभावाची दुचाकी आहे. महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत ज्यांची खाती शासनाने भरली, त्यांपैकी काहींना अजून ‘राइट ऑफ’चा शेरा चिकटलेला आहे.

पीककर्जाला सिबिल पाहू नका, असे शासन बँकांना बजावते. ते शाखेच्या काउंटरपर्यंत किती पोचते, तो वेगळा विषय. पण गाय, ठिबक, ट्रॅक्टर, दुकान, मुलीचे शिक्षण, इथे अहवालच पाहिला जातो. चूक कळते तीही कर्ज नाकारल्यावर, मे-जूनमध्ये. तक्रारीचे पहिले उत्तर येईपर्यंत मृग संपलेला असतो. कॉलेजच्या फीची तारीख तर कोणी पुढे ढकलत नाही. मग मायक्रो फायनान्सचा हप्ता नाहीतर सावकार.

दिवाळीपूर्वी तालुक्यात शिबिर घेऊ, असे अग्रणी बँकेकडून सांगण्यात आले होते. त्यानंतर आचारसंहिता आली, मग मार्चअखेर आली. आता ऑडिट चालू आहे म्हणतात. प्रत्येक शाखेत नोंदवही ठेवण्याचे आश्वासन त्याच्याही आधीचे. ती वही आम्ही कोणत्याच शाखेत पाहिलेली नाही.

पतमाहिती कंपन्या मुंबईत, त्या आमच्या अखत्यारीत नाहीत, हे उत्तर आम्हाला याआधी मिळाले आहे. मान्य. पण चुकीची माहिती पाठवणाऱ्या शाखा याच जिल्ह्यात आहेत आणि त्यांचे अधिकारी आपल्या बैठकीत बसतात. म्हणून मागण्या अशा :

1. अर्ज घेताच तारीख-शिक्क्यासह पोच द्यावी. मुदत त्याच तारखेपासून मोजावी.
2. ‘नोंद बरोबर आहे’ असे कळवायचे असेल तर खातेउतारा जोडून, कारण लिहून, अधिकाऱ्याच्या सहीने कळवावे. त्याच चुकीची तक्रार पुन्हा करावी लागली तर पहिलीच तारीख धरावी.
3. मुदत उलटलेल्या तक्रारी व दिलेली भरपाई यांची शाखानिहाय यादी प्रत्येक बैठकीत ठेवावी. भरपाई शून्य असेल तर शून्य लिहावे.
4. अर्ज मराठीत मिळावा.
5. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार कशी करावी, याचा फलक शाखेत लावावा.
6. कबूल केलेले शिबिर घ्यावे.

या वेळी उत्तर लेखी हवे. समितीच्या पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेत हा विषय दिसला नाही, तर बैठकीच्या दिवशी आम्ही आपले बेबाकी दाखले घेऊन सभागृहाबाहेर बसू. त्याची रीतसर सूचना पोलीस ठाण्यात देत आहोत.

आपले विश्वासू,
तालुक्यातील कर्जदार ग्राहक
(सह्यांची यादी, बेबाकी दाखले व अहवालांच्या छायाप्रती सोबत)

प्रत : 1. अग्रणी जिल्हा व्यवस्थापक. 2. तहसीलदार. 3. पोलीस निरीक्षक.