गाडीचा टेप काढू नका

दहा-बारा वर्षांची छोटी गाडी इंजिनाने ठणठणीत असते, पण तिचा टेप जुनाट दिसू लागतो. (कॅसेटी जाऊन जमाना झाला, तरी गाडीतल्या स्टीरिओला लोक अजून टेपच म्हणतात.) घरात एखादा सात इंची टॅबलेट पडून असतो. टेप काढून त्या खाचेत टॅबलेट बसवायचा आणि नकाशा, गाणी, रिव्हर्स कॅमेरा सगळं एकाच पडद्यावर घ्यायचं, हा विचार सुचणं स्वाभाविक आहे. पण मोठ्या टेपची खाच असते साधारण १८० बाय १०० मिलिमीटरची आणि हौशी लोकांचा या कामासाठी आवडता ठरलेला २०१३ चा नेक्सस ७ आहे २०० बाय ११४ चा. म्हणजे सुरुवातच डॅशबोर्ड कापण्यापासून होते आणि कापलेलं प्लास्टिक पुन्हा जुळत नाही. टॅबलेट गाडीत खुशाल वापरावा, पण डॅशबोर्डमध्ये कायमचा बसवू नये, असं माझं ठाम मत आहे.

सगळ्यात मोठं कारण ऊन. अमेरिकेतल्या ॲरिझोनात कडक उन्हात तासभर उभ्या केलेल्या गाड्यांची मोजणी झाली, तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. गाडीतली हवा सरासरी ४७ अंशांवर गेली होती, डॅशबोर्ड मात्र ६९ अंशांवर. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४५ गाठतो, तिथली गाडी काही वेगळी तापणार नाही. आयपॅड ३५ अंशांपर्यंत वापरावा आणि बंद असला तरी ४५ च्या वर ठेवू नये, असं खुद्द ॲपल सांगते. लिथियमची बॅटरी वारंवार तापली की आत वायू धरतो, बॅटरी फुगते आणि कडेची काच चौकटीतून उचलली जाते. टॅबलेट हातात असेल तर हे लगेच कळतं. चारी बाजूंनी आवळून बसवलेल्या टॅबलेटची पाठ कुणालाच दिसत नाही आणि फुगवट्याला सरकायला जागाही नसते. यावर काही जाणकार सुचवतात, की बॅटरीच काढून टाका आणि गाडीच्या विजेवर थेट चालवा. एक तर बॅटरीशिवाय बरेच टॅबलेट सुरूच होत नाहीत. सुरू झाला तरी अडचण उरते. चावी स्टार्टवर नेली की बहुतेक गाड्यांत टेपकडे जाणारी वीज क्षणभर तुटते. तेवढ्यात टॅबलेट बंद पडतो आणि पहिल्यापासून चालू व्हायला वेळ घेतो. पडद्यावर कंपनीचं चिन्ह फिरत असतं आणि गाडी तोवर रिव्हर्स घेऊन झालेली असते.

गाड्यांच्या कंपन्याच बटणं काढून मोठाले पडदे लावतात, मग आम्ही का लावू नये, हा प्रश्न रास्त आहे. पण कंपन्यांचा अनुभवही बघायला हवा. स्वीडनच्या ‘वी बिलेगारे’ मासिकाने २०२२ मध्ये ताशी ११० किलोमीटर वेगाने चाचणी घेतली. रेडिओ लावणं, एसी बदलणं अशी कामं बटणांच्या २००५ च्या व्होल्वोत १० सेकंदांत झाली. पडद्याच्या एका नव्या गाडीत जवळपास ४५ सेकंद लागले. तेवढ्या वेळात ती गाडी १,३७२ मीटर पुढे गेली होती. गोल बटण बोटांना न बघता सापडतं, काचेवर मात्र नजर न्यावीच लागते. टेस्लाला २०२१ मध्ये सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. पडद्यामागची मेमरी झिजून पडदा बंद पडत होता आणि त्याबरोबर मागचा कॅमेराही जात होता. युरोपातल्या सुरक्षा चाचणीत तर २०२६ पासून हॉर्न, वायपर, इंडिकेटरसारख्या कामांना वेगळं बटण वा दांडी नसेल तर गुण कापले जातात.

राहिला पैशांचा मुद्दा. घरातली वस्तू कामी येते, कचरा कमी होतो, हे मलाही मनापासून पटतं. मात्र टॅबलेटच्या हेडफोनच्या छिद्रातून दारातले स्पीकर वाजत नाहीत. त्याला वेगळा ॲम्प्लिफायर लागतो, वायरिंग लागतं आणि अर्थिंग कच्चं राहिलं तर ॲक्सिलरेटर दाबताच गाण्यामागे शिट्टीसारखा आवाज चढत जातो. काढून टाकलेल्या टेपमध्ये ॲम्प्लिफायर आणि आवाजाचं गोल बटण दोन्ही आधीपासून होतं. म्हणून टेप राहू द्यावा आणि टॅबलेट ऑक्सच्या वायरीने किंवा ब्लूटूथने त्याला जोडावा. पडद्यावर फक्त नकाशा ठेवावा. मोटार वाहन नियमांत २०२० मध्ये झालेला बदलही चालकाला हातातलं उपकरण केवळ रस्ता शोधण्यापुरतं, तेही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, वापरू देतो. स्टँड एसीच्या जाळीपाशी लावावा, म्हणजे टॅबलेटच्या पाठीला गार हवा मिळते. एअरबॅगच्या झाकणापासून तो लांब असावा. आणि गाडी उन्हात लावून उतरताना टॅबलेट काढून पिशवीत टाकावा. घरी परतल्यावर तो मुलांनाही वापरता येतो.