एक कला मुख्य, बाकीच्या सोबतीस

आमच्या वरच्या वर्गांतील कित्येक विद्यार्थ्यांच्या मनांत हल्लीं एक नवा धंदा घोळत असतो. कोणाची चाकरी न पत्करितां, घरीं बसून, इंटरनेटवर दुकानदारांच्या मालाची जाहिरात करून द्यावयाची. यासच स्वतंत्र डिजिटल मार्केटिंग म्हणतात. धंदा चांगला आहे व त्यास भांडवलही थोडें लागतें. मात्र पालक विचारतात, ‘यासाठीं मुलाला कोणता एक कोर्स द्यावा?’ आमच्या मतें हा प्रश्नच अपुरा आहे.

समजा, कोल्हापुरी चपला विकणाऱ्या दुकानदारानें हें काम एखाद्या तरुणाकडे सोंपविलें. जाहिरात हजार लोकांनीं पाहिली, पन्नासांनीं दुकानाचें पान उघडलें, पण खरेदी एकानेंही केली नाहीं. ज्याला केवळ जाहिरात देतां येते, तो म्हणेल, ‘आणखी पैसे घाला.’ ज्याला आंकडे वाचतां येतात, तो ओळखील कीं जाहिरातीनें माणसें दारापर्यंत आणिलीं. अडचण दाराच्या आंत आहे. छायाचित्र अंधुक आहे काय? मापें नीट दिलीं आहेत काय? मोबाइलवर पान उघडण्यास वेळ लागतो काय? किंमत भारी आहे काय? लेखन, चित्र, हिशेब व थोडें तंत्र यांची ओळख असल्यावांचून हें निदान होणें नाहीं. मोठ्या कचेरींत या प्रत्येक कामास निराळा माणूस असतो. स्वतंत्र धंदा करणाऱ्याच्या शेजारीं कोणीच बसलेला नसतो.

दुसरें असें कीं, या धंद्यांतील साधनें टिकत नाहींत. जून २०२० मध्यें सरकारनें टिकटॉकवर बंदी घालतांच त्यावर जम बसविलेल्यांना दुसरी वाट शोधावी लागली. गूगलचें ‘युनिव्हर्सल ॲनालिटिक्स’ हें मोजणीचें साधन १ जुलै २०२३ पासून नवी नोंद घेईनासें झालें. अशा वेळीं ज्यानें बटणें पाठ केलेलीं असतात तो अडतो. काय मोजावयाचें व कशासाठीं, हें ज्याला उमगलें आहे, त्याचा खोळंबा थोड्या दिवसांचा.

‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ होतील, अशी भीति कोणी घालील. ती निराधार नाहीं. म्हणूनच एक कला मुख्य धरावी व तींत असें प्रावीण्य मिळवावें कीं लोकांनीं तिच्यासाठीं शोधीत यावें. बाकीच्या कामापुरत्या याव्यात. आमच्या मुलांनीं मराठी लेखन मुख्य धरावें, असें आम्हांस वाटतें. इंग्रजी जाहिरातीचें शब्दशः भाषांतर वाचतांना ग्राहक अडखळतो. त्याच्या बोलींत नेमकें सांगणारा लेखक दुकानदारास हवाच असतो. आणि ही कला शिकण्यास निराळी फी पडत नाहीं.

तेव्हां विद्यार्थ्यांनो, निबंधाचा, शेंकडेवारीचा व चित्रकलेचा तास या धंद्याहून वेगळा समजूं नका. आणि पालकांनो, मोठी फी भरण्यापूर्वीं मुलाला ओळखीच्या एखाद्या दुकानाचें काम महिनाभर करूं द्या. जाहिरातीवर खर्च किती, विचारणा किती, विक्री किती, हें त्यानें रोज वहींत मांडावें. महिन्याअखेर ती वही समोर घेऊन बसा. कोणती कला उणी आहे, तें वहीच सांगेल, व मग कोर्स निवडणें सोपें जाईल.