गवत बघायला आफ्रिकेत

सत्तरी ओलांडलेली बाई केनियाला जायचं म्हणाली की लोकांचे तीन प्रकार पडतात. एक काळजीवाले. "गुडघ्यांचं काय?" दुसरे पुण्यवाले. "चारधाम झालं का?" (झालं. तेव्हाही गुडघे हेच होते.) तिसरे हिशेबवाले, ते बोलत नाहीत, नुसते पेन्शनच्या आकड्याकडे मनातल्या मनात बघतात. या तिघांनाही मी उत्तर देत नाही. हसते आणि चहा टाकते.

पण माझ्या पुतण्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायला हवं. तिकडे काय बघणार असं त्याने विचारलं, तेव्हा मी म्हटलं, आधी गवत. तर म्हणाला, "काहून वं काकू, गवतच पाहाचं तं आपल्या धुऱ्यावर का कमी हाये?"

प्रश्न थट्टेचा होता, पण खरा आहे. आपल्या वाशीम जिल्ह्यात कारंज्याजवळ सोहोळचं काळवीट अभयारण्य आहे. जेमतेम १८ चौरस किलोमीटर. मी तिथे कितीदा तरी गेले आहे, शाळेच्या सहली नेल्या आहेत. नराची ती पिळदार शिंगं, काळी पाठ, पांढरं पोट, आणि घाबरला की स्प्रिंग लावल्यासारखा हवेत उडणारा कळप. असं जनावर घराजवळ असताना समुद्र ओलांडून हरणं बघायला जायचं म्हणजे वेडेपणाच, असं कुणालाही वाटेल.

आता गंमत बघा. काळवीट ताशी ८० किलोमीटरच्या आसपास पळतं. एवढा वेग कशासाठी? आपल्या भागात लांडगे आहेत, पण लांडगा पाठलाग करून, दमवून, टोळीने घेरून मारतो. त्याच्यापासून सुटायला एवढं वाऱ्यासारखं पळायची गरज नाही. अभ्यासक म्हणतात, हा वेग चित्त्यासाठी होता. आणि चित्ता तर गेला. १९४७ साली कोरिया संस्थानात शेवटचे तीन मारले गेले, १९५२ साली तो देशातून संपल्याचं जाहीर झालं. म्हणजे सोहोळच्या माळावर काळवीट धावतं ते मागे कुणी नसताना धावतं. शर्यतीतला दुसरा गडीच राहिलेला नाही. अर्धं नाटक आपल्याकडे आहे, अर्धं आफ्रिकेत. मला पूर्ण नाटक एकदा बघायचंय, म्हणून जायचं.

आणि हे दोन अर्धे आपण समजतो तितके लांबही नव्हते बरं का. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्याकडचे चित्ते दुर्मीळ झाले, तेव्हा कोल्हापूर संस्थानाने शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते आणवले होते. डोळ्यांवर पट्टी बांधून, बैलगाडीत बसवून त्यांना माळावर न्यायचे आणि काळविटांवर सोडायचे. त्यांना सांभाळणारे ते चित्तेवान. म्हणजे आफ्रिकेचा चित्ता आणि महाराष्ट्राचं काळवीट यांची गाठ आधीच पडून गेली आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियाहून आठ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते कुनोला आले, तेव्हा टीव्हीवाले इतिहासात प्रथमच असं घडल्यासारखे ओरडत होते. असो.

माझं स्वप्न वर्गातलं आहे. भूगोलात सॅव्हानाचा गवताळ प्रदेश शिकवायचा म्हणजे फळ्यावर जिराफ काढावा लागे. तो दरवर्षी उंटासारखा दिसे आणि मुलं दरवर्षी हसत. तेव्हापासून ठरवलं होतं की एकदा खरा बघायचा. आता मुलाने तिकिटांचं बघितलंय, सप्टेंबरात मसाई मारा. तेव्हा लाखो वाइल्डबीस्ट गवताच्या मागे सेरेंगेटीतून इकडे आलेले असतात. ते नकाशावरची हद्द बघत नाहीत, पाऊस कुठे पडला ते बघतात. एकट्या सेरेंगेटीचं क्षेत्र आपल्या जिल्ह्याच्या तिपटीच्या जवळपास आहे. एवढं मोठं गवत कुणी "मोकळंच पडलंय" म्हणून नांगरलं नाही, हेच मला सिंहापेक्षा मोठं आश्चर्य वाटतं.

कारण आपल्याकडे काय झालं? गावोगावची ई-क्लास जमीन आठवा. लहानपणी तिथे गुरं चरायची, पावसाळ्यात गुडघाभर गवत असायचं, तितर ओरडायचे. सरकारी कागदात अशी जमीन म्हणजे पडीक. देशाचा पडीक जमिनींचा नकाशासंग्रह निघतो, त्यात माळरानंही पडीकच धरतात. पडीक म्हटलं की कुणाचा ना कुणाचा हात तिकडे जातो. कुणी सोयाबीन पेरतं, कुणी मुरूम नेतं, आणि सगळ्यात सज्जन माणूस तिथे झाडं लावतो. झाडं लावण्याच्या विरुद्ध बोलणं म्हणजे आजकाल पापच. तरी बोलते. गवताच्या रानात खड्डे करून रोपं लावणं हे पर्यावरणाचं काम नव्हे. काळविटाला दूरवर दिसणारा उघडा माळ लागतो. झाडीत तो राहत नाही. माळ गेला की तो हरभऱ्यात येणार, आणि मग शेतकरी वैतागणार. रोही आणि हरणांनी रात्रीतून खाल्लेलं शेत ज्याने पाहिलंय त्याला मी अहिंसा शिकवायला जाणार नाही. नुकसानभरपाई मिळते, पण तिच्या चकरा ज्याच्या त्याला माहीत. भांडण शेतकरी आणि हरीण यांचं दिसतं, पण मधून जो माळ काढून घेतला त्याचं नाव कुणी घेत नाही.

मुलाने पाठवलेलं वाचता वाचता आणखी एक गोष्ट कळली. १९५९ साली मसाई गुराख्यांना सेरेंगेटीतून बाहेर काढलं गेलं. गवत राखलं, पण गवतात राहणारा माणूस हलवला. मला आपले फासेपारधी आठवले. माळाची खडान्‌खडा माहिती असलेली ही माणसं, इंग्रजांनी पारध्यांवर गुन्हेगार जमात असा शिक्का मारला तो कायदा १९५२ साली रद्द झाला. म्हणजे चित्ता गेल्याचं जाहीर झालं त्याच वर्षी. शिक्का मात्र लोकांच्या डोक्यातून अजून पुसलेला नाही. सफारीच्या जाहिरातीत लाल शाल घेतलेला मसाई बघून आपण "किती छान" म्हणतो. आपल्या गावाबाहेरच्या तांड्याकडे बघून काय म्हणतो, ते ज्याने त्याने आठवावं.

तयारी चालू आहे. पिवळ्या तापाची लस घ्यावी लागते, निघण्याच्या किमान १० दिवस आधी. तिचा दाखला नसेल तर परत आल्यावर सहा दिवस अलग ठेवू शकतात. साठीच्या पुढच्यांना ही लस देताना डॉक्टर जास्त विचार करतात, म्हणून आधी सगळ्या तपासण्या झाल्या. स्वाहिलीचे चार शब्दही जमवलेत. त्यांचा 'चाय' आपलाच, 'चपाती' आपली, 'गारी' म्हणजे गाडी, 'हेसाबू' म्हणजे हिशेब. 'सफारी' तर आपल्या 'सफर'चं सख्खं भावंड, दोघांचं मूळ अरबी. नातवाला वाटत होतं 'सिंबा' म्हणजे आपला सिंहच. तो मात्र निव्वळ योगायोग, शब्द तिकडचाच आहे.

त्याआधी ऑगस्टात एक काम आहे. तणमोर बघायचाय. पावसाळ्यात नर गवतातून उभा उडी मारतो आणि टिरटिर आवाज करत खाली येतो, दिवसाला पाचशेच्या आसपास उड्या! जगात फार थोडे उरलेत. अकोला-वाशीमच्या माळांवर अलीकडेही त्याच्या नोंदी झाल्या आहेत, आणि त्याची घरटी राखण्यात फासेपारधी मंडळी पुढे आहेत. त्यांच्यातल्याच एकाने यायचं कबूल केलंय. पुतण्यालाही सांगितलंय, गाडी काढ, धुऱ्यावरचं गवत दाखवते तुला. पहाटे पाचला निघायचं. तणमोर दिसेल का म्हणून विचारलं तर सोबत येणारा नुसता हसला. तिकडचा एजंट सिंहाची हमी देतो म्हणे.